नाण्याएवढी जागा

लगेच पाना उचलू नकोस, इसाहाकू.
आधी ऐक.
चावी फिरव, बटण दाब,
आणि सीटखाली कान दे.

एकच टिक आली ना?
म्हणजे रिले जागा आहे. त्याने दार वाजवलंय,
आतलं कुणी उठत नाही.
थंडीत दात वाजावेत तशी टिकटिकटिक आली असती
तर बॅटरी उपाशी म्हटलं असतं.
आणि काहीच आलं नसतं
तर आधी तो लाल खटका बघितला असता.
गेल्या शुक्रवारी कोळसेवाला झिब्लिम
तीन मैल ढकलत आला होता,
कुणा पोराने खटका बंद करून ठेवलेला.
पैसे घेतले नाहीत मी. पाणी दिलं.

हरमॅटनची धूळ आज सकाळपासून
तमालेवर पीठ चाळतेय.
कडुनिंबाखाली तियुंबा नर्सबाई उभी आहे,
हातात कोकोचा वाडगा, वर साय धरलेली,
खांद्याला बाळंतिणींची पिशवी.
घाई कर म्हणत नाही.
म्हणून घाई करायची.

बाजारातल्या एकाने तिला नवी बॅटरी विकली,
दुसऱ्याने स्टार्टरचे कार्बन बदलले.
चोर नाहीत ते.
अंदाज महाग पडतो, आणि तो दुसऱ्याच्या खिशातून जातो.

मीटर दे.
बारा पूर्णांक सहा.
दाब बटण. बारा पूर्णांक पाच.
बघ, जेमतेम हलली.
बॅटरी म्हणतेय, माझ्याकडे कुणी काही मागितलंच नाही.

आता काळी सुई बॅटरीच्या ऋण टोकाला,
लाल सुई इंजिनाच्या अंगाला, ग्रीस पुसून.
दाब.
इथे शून्याच्या आसपास यायला हवं.
किती? मोठ्याने सांग.
अकरा.

सगळे लाल वायरीच्या मागे लागतात, पोरा.
जाणाऱ्या विजेची काळजी सगळ्यांना.
पण तिला परतायची वाट नसेल
तर ती निघतच नाही.

परतीची वाट म्हणजे ही वीतभर काळी वायर
आणि चौकटीवरचा हा बोल्ट.
दहाचा पाना. हळू.
आता दिसलं?
वायरीच्या कडीखाली निळा रंग,
जाड, गुळगुळीत, एक बुडबुडा नाही.
सात महिने वीज नुसत्या आट्यांवरून
चोरपावलांनी येत-जात होती.
मग गंज चढला, धूळ बसली, तीही वाट बुजली.

कोणी रंगवली, नर्सबाई?

वाडगा खाली ठेवला तिने.
“वुम्पिनीने. अगादेसच्या ट्रकवर चढण्याआधी.
दोन रात्री जागला.
एकेक बोल्ट काढून आतून रंगवला,
माझ्यामागे गंजू नये म्हणाला.”

इसाहाकू, नळीकडे बघ. तिच्याकडे नको.

“किती खरवडाल?”
नाण्याएवढं.
तिने ओच्यातून एक सेडी काढला
आणि स्वतःच टेकवला चौकटीवर.
“याच्या बाहेर नको.”

चाकू मीच धरतो.
चांगलं काम खरवडताना हात जड होतो;
त्या पोराने एकच चूक केली,
धातूला धातू भिडायची जागा
उघडी ठेवायला त्याला कुणी शिकवलं नव्हतं.
मी शिकवायला हवं होतं. माझ्याच दारावरून
तो रंगाचा डबा घेऊन गेला होता.

हं. लखलखला.
कडी बसव, आवळ, वरून बोटभर व्हॅसलिन.
आता तुम्ही दाबा, नर्सबाई.

…

थांब, टाळ्या कसल्या वाजवतोस?
गाडी सुरू झाली, काम अजून संपलेलं नाही.
त्यांना एकदा बंद करायला सांग,
परत सुया लाव, परत दाब.
शून्य पूर्णांक एक.
आता जाऊ दे त्यांना.

वहीत लिही: अकरावरून शून्य पूर्णांक एक.
रंगाचं लिहू नकोस.
आणि तो चाकू पुसून ठेव,
पात्याला निळं लागलंय.